अकरा सेकंदांचं खेळणं

चौतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. त्या चौतीस वर्षांत एक प्रश्न किती वेळा फळ्यावर लिहिला असेल याची गणती नाही. ‘विमानाचा शोध ____ यांनी लावला.’ रिकामी जागा भरा, गुण एक. उत्तर ठरलेलं, राईट बंधू. मुलं लिहायची, मी लाल पेनाने बरोबरची खूण करायचो, आणि दोघेही पुढच्या प्रश्नाकडे वळायचो. एका गुणाच्या प्रश्नात आणखी काय शोधायचं असतं?

आज त्या रिकाम्या जागेबद्दलच चार गोष्टी सांगायच्या आहेत. पण आधी एक कबुली.

१९८४ सालची गोष्ट. साताऱ्यातली आमची शाळा, आठवी ब चा वर्ग, दुपारचा तास. मी औद्योगिक क्रांती शिकवत होतो. वाफेच्या इंजिनापर्यंत आलो होतो तेवढ्यात मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली. जाऊन बघतो तर एका पोराच्या मांडीवर विमान! पंख हातभर लांब, हलक्या लाकडाच्या पट्ट्या, त्यावर पतंगाचा कागद ताणून बसवलेला. पोरानं ते मन लावून केलं होतं हे एका नजरेत कळत होतं. तरीही (किंवा कदाचित म्हणूनच) मला राग आला. “खेळणी घरी ठेवायची. इथे इतिहास चाललाय!” असं म्हणून मी ते उचललं आणि शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटावर नेऊन ठेवलं. वर्षअखेरीला परत देऊ असा विचार होता. पण दिवाळीच्या सुट्टीत रंगसफेदी झाली, कपाटं हलवली गेली, आणि सुट्टीनंतर कपाटावर फक्त चुरगळलेला कागद आणि दोन मोडक्या पट्ट्या राहिल्या होत्या. पोरानं कधी विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही.

असो. ही गोष्ट मी विसरूनही गेलो होतो. आठवण झाली ती गेल्या मे महिन्यात.

नातू सुट्टीला आला होता. वय वर्षे अकरा. रेडिओवर चालणाऱ्या शिडाच्या होड्या आणि बिनइंजिनाची ग्लायडरं यांची त्याला नुकतीच बाधा झालेली. दिवसभर तेच. जेवताना एकदा म्हणाला, “आजोबा, खेळण्यातलं पहिलं विमान कुणी केलं? खरं विमान बघूनच केलं असेल ना?” मी ‘अर्थातच’ म्हणायला तोंड उघडलं, आणि चौतीस वर्षांच्या सवयीने की कशाने कोण जाणे, थांबलो. म्हटलं, “बघून सांगतो.” ते बघण्यात माझे तीन महिने गेले! आणि जे हाती लागलं ते मी समजत होतो त्याच्या बरोबर उलटं निघालं.

गोष्ट सुरू होते इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात. तिथे सर जॉर्ज केली नावाचे एक जमीनदार गृहस्थ होते. जन्म १७७३. त्या काळी उडण्याची स्वप्नं बघणारे सगळे पक्ष्याकडे बघत आणि पंख फडफडवायच्या मागे लागत. हाताला पंख बांधून उड्या मारायच्या आणि तंगडी मोडून घ्यायची, असा एकूण प्रकार. केलीसाहेबांनी वेगळा विचार केला. पंखाचं काम फक्त उचलून धरण्याचं, पुढे ढकलण्याचं काम दुसऱ्या कशाकडे तरी द्यावं, ही दोन कामं त्यांनी वेगळी केली. १७९९ मध्ये चांदीच्या एका छोट्या चकतीवर त्यांनी ही कल्पना कोरून ठेवली. चकतीच्या एका बाजूला स्थिर पंखांचं यान आणि दुसऱ्या बाजूला पंखावर काम करणाऱ्या जोरांची आकृती.

मग १८०४ मध्ये त्यांनी काय केलं? एक खेळणं. सुमारे पाच फुटांची काठी, तिच्यावर पंख म्हणून चक्क एक पतंग थोडा तिरका बसवलेला, मागे हलवता येणारी शेपटी, पुढे नाकाशी सरकवता येणारं वजन. टेकडीवरून सोडलं की हे प्रकरण झोकात तरंगत खाली यायचं. आज जगात उडणाऱ्या प्रत्येक प्रवासी विमानाचा ढोबळ आराखडा हाच आहे बरं का! पुढे मुख्य पंख, मागे शेपूट, आणि वजनाचा तोल नेमक्या जागी. माणूस उचलणारं ग्लायडर त्यांना जमलं ते त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. १८४९ मध्ये एका लहान मुलाला त्यांनी थोडंसं अधांतरी नेलं, आणि १८५३ मध्ये आपल्या एका नोकराला बसवून दरीपार पाठवलं. त्या नोकराने खाली उतरताच नोकरी सोडली असं सांगतात. घोडागाडी हाकायला ठेवलंय, उडायला नाही, असं त्याचं म्हणणं. त्याची बाजू मला पटते.

आता इंग्लंडहून पॅरिसला जाऊ. आल्फॉन्स पेनो हा तरुण, जन्म १८५०. वडील नौदलात मोठ्या हुद्द्यावर. पण याला कमरेच्या सांध्याचा आजार, त्यामुळे नौदलाची वाट बंद. घरात बसून त्याने एक शोध लावला. पीळ दिलेल्या रबराची ताकद. आपण सगळ्यांनी लहानपणी रबराला पीळ देऊन पंखा फिरवलाय, ती युक्ती उडण्याच्या कामाला जुंपणारा हा माणूस. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या ट्युलरी बागेत जाणकारांच्या पुढे त्याने आपलं विमान सोडलं. लांबी सुमारे अर्धा मीटर, वजन सोळा ग्रॅम! म्हणजे आपल्याकडच्या सव्वा तोळ्याच्या आसपास. पंखांची टोकं वर वळवलेली, मागे छोटी शेपटी अशा कोनात बसवलेली की नाक खाली गेलं तर आपोआप वर यावं. ते विमान सुमारे ४० मीटर उडालं. हवेत राहिलं ११ सेकंद.

हा आकडा लक्षात ठेवा, मंडळी. ११ सेकंद आणि ४० मीटर.

पेनोने पुढे खऱ्या विमानाचा आराखडाही केला, १८७६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. जमिनीवर आणि पाण्यावर, दोन्हीकडे उतरू शकेल असं विमान होतं ते. पण पैसा कोणी दिला नाही. टिंगल मात्र भरपूर झाली. १८८० मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. कपाटावर ठेवलेलं ते विमान पहिल्यांदा आठवलं ते तेव्हा.

पण गोष्ट इथे संपत नाही. पेनो हयात असतानाच, १८७८ मध्ये, अमेरिकेतल्या एका पाद्रीबाबांनी प्रवासाहून परत येताना मुलांसाठी एक खेळणं आणलं. बांबू, बूच, कागद आणि पीळ दिलेलं रबर. पेनोच्याच धर्तीवरचं उडतं भिरभिरं. वडिलांनी ते हवेत सोडलं तर खाली पडण्याऐवजी वर छताला जाऊन धडकलं. मुलं दोन. थोरला अकरा वर्षांचा विल्बर, धाकटा सात वर्षांचा ऑर्व्हिल. होय, तेच ते राईट बंधू! एका गुणाचं उत्तर!

खेळणं नाजूक, ते लवकरच मोडलं. पोरांनी स्वतः तसंच दुसरं केलं. मग त्याहून मोठं. मग आणखी मोठं. आणि त्यांच्या लक्षात आलं की जितकं मोठं करावं तितकं ते कमी उडतं. आकार दुप्पट केला की ताकद दुप्पट करून भागत नाही, कितीतरी पट जास्त लागते. हा धडा कुठल्या पुस्तकातला नव्हता, मोडक्या खेळण्यातला होता. मोठेपणी त्यांनी आधी ग्लायडरं केली. १९०० ते १९०२ अशी तीन वर्षं किटी हॉकच्या वाळूत, कधी पतंगासारखी दोरीला बांधून तर कधी स्वतः आत झोपून. इंजिन बसवलं ते त्यानंतर.

१७ डिसेंबर १९०३. ऑर्व्हिलचं पहिलं उड्डाण. अंतर १२० फूट, म्हणजे साडेछत्तीस मीटर. वेळ १२ सेकंद.

आता पेनोचा आकडा आठवा. ४० मीटर, ११ सेकंद. माणसाला घेऊन इंजिनाच्या बळावर उडालेल्या विमानाचं पहिलं उड्डाण हे बत्तीस वर्षांपूर्वीच्या सोळा ग्रॅमच्या खेळण्यापेक्षा अंतराने थोडं कमीच भरलं! (त्याच दिवशी विल्बरने ८५२ फुटांची मजल मारली हेही सांगायला हवं, नाहीतर राईट बंधूंवर अन्याय होईल.) माणूस वाहून नेणं ही केवढी मोठी गोष्ट हे मला कळतं, राईट बंधूंचा मोठेपणा यात तसूभरही कमी होत नाही. पण हे दोन आकडे मी वहीत एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ नुसता बघत बसलो. औद्योगिक क्रांतीच्या तासाला मी त्या पोराला म्हणालो होतो, खेळणी घरी ठेव, इथे इतिहास चाललाय. इतिहास त्याच्या मांडीवर होता हो!

नातवाला हे सांगितलं तर तो लगेच म्हणाला, “मग होड्यांचं काय?” तिथे अर्थातच उलटं आहे. माणूस होडीत बसायला लागल्यावर मग तिची प्रतिकृती करायला लागला. इजिप्तच्या तुतानखामेनच्या थडग्यात छोट्या होड्या सापडल्या त्या पस्तीस. मी कोकणातला, लहानपणी माडाच्या पोयीची होडी करून व्हाळात सोडायचो, ती काही जगाला शिकवणार नव्हती. पण शोधत गेलो तर पाण्यावरही खेळण्याने खऱ्या बोटीला एक धडा दिलेला सापडला.

लंडनच्या केन्सिंग्टन बागेत एक गोल तळं आहे. तिथे एकोणिसाव्या शतकापासून शिडाच्या छोट्या होड्यांच्या शर्यती चालत. तेव्हा रेडिओ कुठला? काठावर उभं राहून शिडं नि सुकाणू वाऱ्याप्रमाणे लावायचं, होडी सोडायची, आणि पलीकडच्या काठाला पोहोचेपर्यंत हात जोडून बघत राहायचं. मध्येच वाऱ्याचा झोत आला की होडी तोंड फिरवायची. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक युक्ती निघाली. शिडाची दोरीच सुकाणूला जोडायची. वारा वाढला, शिडाने दोरी ओढली, की सुकाणू आपोआप वळून होडीला ताळ्यावर आणणार. पुढे १९३० च्या दशकात त्याहून सुरेख गोष्ट आली. होडीच्या मागच्या टोकाला एक छोटं वाऱ्याचं पातं. जुन्या घरांवर वारा दाखवणारा कोंबडा असतो ना, तसंच. होडी वाऱ्याशी धरलेला कोन सोडायला लागली की पातं फिरतं आणि सुकाणूला जागेवर आणतं. तळ्यावरच्या हौशी मंडळींच्या हातात हे खेळणं पक्कं झालं. पुढे १९६० मध्ये एकट्या माणसाने अटलांटिक ओलांडायची पहिली शर्यत झाली, पाच होड्या होत्या. त्यानंतर एकट्याने समुद्र ओलांडणाऱ्यांमध्ये असं पातं रूढच झालं. कारण उघड आहे. माणूस झोपणार केव्हा?

आता यात आपला संबंध कुठे? आहे, आणि चांगला घट्ट आहे. कुठेही न थांबता एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. १४ जून १९६८ ला निघाला, २२ एप्रिल १९६९ ला परतला, ३१२ दिवस. शर्यतीत नऊ जण उतरले होते, पूर्ण केली ती या एकट्याने. त्याची ‘सुहेली’ ही होडी बांधली होती आपल्या मुंबईत, कुलाब्याला, सागवानी लाकडात! तिच्यावरही वाऱ्याच्या पात्याचं स्वयंचलित सुकाणू होतं. ऑस्ट्रेलियाजवळ ते मोडलं ते मोडलंच. मग काय केलं त्याने? शिडं अशी तोलून लावली की होडी आपली आपण सरळ जात राहील. गोल तळ्याच्या काठावरची पोरं शंभर वर्षं जे करत होती, तेच. फक्त तळं जरा मोठं होतं.

रेडिओची गोष्टही पाण्यावरूनच सुरू होते. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात निकोला टेस्लाने एका हौदात छोटी लोखंडी होडी सोडली आणि तारेशिवाय, लांब उभं राहून, ती हवी तशी वळवून दाखवली. लोकांचा विश्वास बसेना. कुणी म्हणालं जादू, कुणी म्हणालं आत माकड बसवलंय! ६४ चं घनमूळ किती असं विचारल्यावर होडीवरचे दिवे चार वेळा लुकलुकले अशीही गोष्ट सांगतात. (दिवे अर्थात टेस्लाच लावत होता, पण आमच्या गणिताच्या सरांना हे फार आवडलं असतं.) त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला पेटंट मिळालं. हवेतल्या खेळण्यापर्यंत ही विद्या पोहोचायला आणखी जवळजवळ चाळीस वर्षं गेली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी १९३७ मध्ये ‘गफ’ नावाचं रेडिओवर चालणारं विमान उडवलं. ते आज तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे.

नातवाला ज्याचं वेड आहे ती आजची होडी म्हणजे या सगळ्यांची वंशज. लांबी एक मीटर, वजन कमीत कमी चार किलो, इंजिन नाही. रेडिओने फक्त दोनच गोष्टी करता येतात, सुकाणू वळवायचं आणि शिडाच्या दोऱ्या सैल-घट्ट करायच्या. बाकी सगळं वारा. शर्यतीचे नियम मोठ्या होड्यांचेच. डाव्या बाजूने वारा घेणाऱ्याने उजव्या बाजूने वारा घेणाऱ्याला वाट द्यायची. गंमत अशी की होडी आपल्याकडे तोंड करून येऊ लागली की डावं-उजवं उलटं होतं, आणि नवशिक्याची बोटं तिथेच चुकतात. ग्लायडरचंही तसंच. डोंगराच्या उतारावर आदळून वर चढणारा वारा किंवा तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा, तेवढ्यावर ते तासन्‌तास राहू शकतं. आपल्या अजिंक्यताऱ्यावर घारी पंख न हलवता गिरक्या घेतात, ते गणित हेच. आणि बिनइंजिनाचं म्हणून त्याला कमी लेखू नका. डोंगरमाथ्याच्या दोन बाजूंच्या वाऱ्यातला फरक वापरून स्पेन्सर लिसेनबी या अमेरिकन गृहस्थाने २०२१ मध्ये आपलं ग्लायडर ताशी ८८२ किलोमीटर वेगाने नेलं! दोनदा वाचून खात्री केली मी.

पण मला स्वतःला भावला तो मेनार्ड हिल. निवृत्त धातुशास्त्रज्ञ. ऑगस्ट २००३ मध्ये त्याने आणि त्याच्या मित्रांनी पाच किलोच्या आतलं, बाल्सा लाकडाचं, छोटं इंजिन लावलेलं विमान कॅनडाच्या न्यूफाउंडलँड किनाऱ्यावरून सोडलं. आदल्या वर्षीचे प्रयत्न समुद्रात बुडाले होते. हे मात्र ३८ तास ५२ मिनिटांनी आयर्लंडमध्ये क्लिफ्डेनजवळ उतरलं. अंतर सुमारे ३,०३० किलोमीटर. १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन हे वैमानिक अटलांटिक ओलांडून याच क्लिफ्डेनला उतरले होते. हिलचं वय तेव्हा ७७. कानाने कमी ऐकू येई, आणि दृष्टी इतकी अधू की कायद्याने अंधच. पलीकडच्या किनाऱ्यावर उतरवायला दुसऱ्याचे डोळे लागले. पण विमान त्याचं होतं. माझी पंच्याहत्तरी झाली, काचबिंदूचे थेंब दिवसातून तीनदा घालतो. ‘आता या वयात’ हे शब्द घरात मीच सर्वांत जास्त वापरतो. ते जरा कमी करावेत असं ठरवलंय.

तर आम्ही दोघांनी ग्लायडर करायला घेतलं. थर्माकोलचे पंख, बांबूची काडी, पतंगाचा कागद. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तोच प्रकार. सोडलं की मान वर करायचं, हवेत थबकायचं आणि डोकं आपटायचं. चिकटवायला काही तरी बरं मिळेल म्हणून पेठेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. गल्ल्यावरचा माणूस उठून उभा राहिला, बाहेर येऊन वाकून नमस्कार केला. केस पांढरे झालेले, पण चेहरा ओळखला. आठवी ब, मागचा बाक.

नातू शेजारी होता. तरी म्हटलं, आता नाही तर कधी? “अरे, तुझं एक विमान माझ्याकडून राहिलं होतं. रंगसफेदीत मोडलं. तेव्हा सांगायला हवं होतं. मी चुकलो.”

तो क्षणभर गप्प झाला. मग हसला. “सर, ते तसंही उडत नव्हतं. शेपटी जड झाली होती. तुमच्या तासाला मी तेच बघत होतो, नाकात वजन किती घालावं.”

काय बोलणार मी? आमचं ग्लायडर पिशवीतच होतं. त्याने ते बोटाच्या टोकावर तोलून बघितलं, मान हलवली, आणि गल्ल्यातून रुपयाचं एक नाणं काढून नाकाशी चिकटवलं. पुन्हा तोललं. “आता बघा, सर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानावर तिघं गेलो. सोडायचा मान मी त्याला दिला, त्याने नातवाला दिला. मी घड्याळ धरून उभा होतो. धावत जाऊन पोराने हात सोडला. मान वर नाही, थबकणं नाही. सरळ, शांतपणे तरंगत ते घंटेच्या खांबापर्यंत गेलं आणि गवतात अलगद बसलं.

सहा सेकंद. पेनोला गाठायला अजून पाच कमी आहेत. रविवारी पुन्हा जाणार आहोत.